आमच्या कॉलनीची मिसळ

कचऱ्याचं एक बरं असतं, कुणीतरी तो उचलून नेतं. किस्से मात्र जिथे पडतात तिथेच साचतात. आणि कॉलनीच्या कचरा समितीत असलेल्या बाईकडे ते इतके साचतात, की एखाद्या दिवशी दार उघडून सगळे बाहेर ओतावेसे वाटतात. आज ओतते आहे. वर्गीकरण केलेलं नाही, तेवढं चालवून घ्या.

आधीच सांगून ठेवते, मला राग आलेला आहे. मी हे किस्से सांगायला लागले की लोक पोट धरून हसतात आणि म्हणतात, "शैलावहिनी, तुम्ही फार मजेशीर सांगता." मी मजेशीर सांगत नसते. मी तक्रार करत असते. आता ती ऐकून तुम्हाला हसू येत असेल तर त्याला माझा इलाज नाही.

आमची कॉलनी लोणावळ्याच्या तुंगार्लीत, तलावाकडे जाणाऱ्या चढावर. पुढे दोन बिल्डिंगा, मागे बंगल्यांची रांग, त्यातले निम्मे बंगले फक्त शनिवार-रविवारी उघडणारे. समितीत आम्ही तिघं. मी, शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी. दुसरे कदमभाऊ, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. शिट्टी अजून खिशात असते. तिसरी लता. ती दारोदार ढकलगाडी फिरवून कचरा गोळा करते आणि गेटजवळच्या शेडमध्ये तो वेगळा करते. लता मूळची तिकोणा पेठेची, आणि तिच्या तोंडाला सगळी कॉलनी घाबरते. कॉलनीचे अध्यक्ष पाटणकर साहेब. ते समितीत नाहीत, ते समितीच्या वर आहेत.

लताने आम्हाला एक शब्द दिला. वेगळा न करता एकाच पिशवीत कोंबलेल्या कचऱ्याला ती 'मिसळ' म्हणते. "वैनी, शिर्क्यांकडनं आज पुन्यांदा मिसळ आलीया." शब्द इतका चपखल बसला, की आता सगळी कॉलनी तोच वापरते. मिसळ करायचं मात्र कुणी थांबवलेलं नाही.

*

हे सगळं सुरू झालं एका फोनने. माझा धाकटा भाऊ दत्ता आमच्या माहेरच्या गावात, टाकव्याच्या पुढे, भातशेती करतो. एका सकाळी त्याचा फोन आला. "आक्का, तुमच्या कालनीत पाटनकर कोन हाय गं?"

"आमचे अध्यक्ष. का रे?"

"त्यांच्या पोरीचं लगीन झालं का?"

"झालं की. तुला कसं कळलं?"

"पत्रिका आलीया."

मी जरा सुखावले. पाटणकरांनी माझ्या माहेरी पत्रिका पाठवावी म्हणजे केवढा मान. म्हटलं, "तुला पाठवली?"

"मला न्हाई. खाचरात आलीया. वल्ली हाय, पन वाचता येतीया. सहकुटुंब सहपरिवार या म्हनत्यात."

झालं होतं असं. कॉलनीत वेगळा करून दिलेल्या कचऱ्यातलं कुजणारं आमच्या शेडमागच्या खड्ड्यांत जातं आणि त्याचं खत होतं. कागद, पत्रा, प्लास्टिक भंगारवाला नेतो. उरली मिसळ. ती न खड्ड्यात जाते, न भंगारवाला घेतो. ती न्यायला कॉलनीने एक टेम्पोवाला लावला होता, आणि तो ती कुठे नेतो हे कुणीच विचारलं नव्हतं. तो ती आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या जुन्या दगडखाणीत ओतत होता. खाणीच्या खाली दत्ताची खाचरं, खाचरांच्या कडेला विहीर. पाऊस लागला की खाण भरते, आणि भरली की पोटात असेल ते घेऊन खाली येते. माझा भाऊ, भावजय आणि त्यांची पोरं त्याच विहिरीचं पाणी पितात. मीही लहानपणी त्याच पाण्यावर वाढले.

मी टेम्पोवाल्याला गाठलं. त्याचा आवाजही चढला नाही. म्हणाला, "मॅडम, तुम्ही मिसळ देता म्हणून मी नेतो. द्यायची बंद करा. नाहीतर सांगा, तुमच्याच गेटवर ठेवतो."

ह्याला काढून दुसरा लावला तर तो आणखी कुणाच्या तरी विहिरीवर ओतणार. तक्रारीही करून पाहिल्या, त्यांचं काय झालं ते छापण्यासारखं नाही. मग मी ठरवलं, मिसळच उरू द्यायची नाही. मिसळ नाही तर टेम्पो नाही, आणि टेम्पो नाही तर दत्ताच्या विहिरीत काही उतरणार नाही. इतकी सरळ गोष्ट. समजायला एवढं अवघड काय आहे, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

संध्याकाळी पाटणकर साहेबांना पत्रिकेचं सांगितलं. मला वाटलं शरमतील. त्यांचा चेहरा उजळला.

"पाण्यातसुद्धा वाचता येत होती ना? बघा. मी मुद्दाम लॅमिनेशनवाला कागद घेतला होता."

*

पहिली मीटिंग घेतली ती ऐन आषाढात. घसा फोडून सांगितलं, "ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात. कुणाला काही शंका?"

कुणालाही शंका नव्हती. आमच्याकडे कुणाला शंका नसली की समजावं, काहीतरी भयंकर होणार आहे.

दुसऱ्या दिवशी लताने निळा डबा उघडला तर वरच बोंबलांची मुंडकी. ती शिर्केवहिनींच्या गॅलरीखाली उभी राहून ओरडली, "ह्ये काय म्हनायचं?" वरून शिर्केवहिनी शांतपणे म्हणाल्या, "सुके बोंबील आहेत ते. ओले आणले की ओल्यात टाकीन." त्याच डब्यात बुरशी आलेली सुक्या खोबऱ्याची वाटी होती, वाळून कडक झालेली भाकरी होती, आणि कुणाच्या तरी घरची सुकी भाजी होती. रस्सा बहुतेक दुसऱ्या डब्यात गेला असावा.

हिरवा डबा उघडला. त्यात भिजलेली वर्तमानपत्रं, भिजलेली खोकी आणि स्वच्छ धुतलेल्या दुधाच्या पिशव्या. विचारायला गेलं तर प्रत्येकाचं एकच म्हणणं. "ओलं आहे ना? हात लावून बघा की."

भांडायला जागाच नव्हती, शब्द मराठी आणि त्यांचे अर्थही मराठीच. शिवाय लोणावळ्यात आषाढात सुकं असतं तरी काय? गादी दमट, काडेपेटी दमट, मिठाला पाणी सुटलेलं. ह्या हिशोबाने पावसाळ्यात अख्खं लोणावळं हिरव्या डब्यात जायला हवं.

म्हणून पुढच्या मीटिंगला मी शब्दच बदलले. "ओलं-सुकं विसरा. कुजणारं आणि न कुजणारं, बास."

मागच्या खुर्चीवरून शिर्केवहिनींचा आवाज आला, "मग आमचे हे कशात घालू? रिटायर झाल्यापासून एका जागी पडून आहेत, पण कुजत काही नाहीत."

मीटिंग हसण्यावारी गेली. शिर्केकाका स्वतःही हसले. लोक हसत हसत घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी हसत हसत मिसळ घेऊन आले. टेम्पो नेहमीसारखा भरून गेला.

*

सकाळच्या घाईत लोक हाताला लागेल ते एका पिशवीत कोंबतात, हे कदमभाऊंच्या लक्षात आलं. डबा, शाळा, ऑफिसची बस, त्यात कोण वेगळं करत बसणार. भाऊंनी टाइमटेबल बदललं. लताची ढकलगाडी सकाळऐवजी संध्याकाळी, दिवे लागल्यावर, निवांत.

लता घंटा वाजवत दोन्ही बिल्डिंगा फिरली, एक दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं, कॉलनीत कचरा व्हायचाच थांबला की काय. मी शिर्केवहिनींची बेल वाजवली.

"अहो वहिनी, दिवेलागणीला कधी कचरा बाहेर काढतात का? लक्ष्मी जाते."

शेजारच्या दारात तेच उत्तर, वरच्या मजल्यावर तेच. बँकेतले साहेब, कॉम्प्युटरवाले, सगळ्यांची लक्ष्मी नेमकी सात वाजता कचऱ्याच्या पिशवीत जाऊन बसत होती. मी हसत नाहीये. माझी आईही दिवे लागल्यावर केर काढत नसे, कोपऱ्यात सारून ठेवायची. पण ती सकाळी तो उकिरड्यात नेऊन टाकायची. इथे सकाळी लता येत नव्हती, मग हा कचरा जात होता कुठे?

ते कदमभाऊंना फिरायला निघाल्यावर दिसलं. तांबडं फुटतंय न फुटतंय तोच कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे पिशव्या उडत होत्या. पाटणकर साहेब तोंडाने स्तोत्र म्हणत होते आणि हाताने फेकत होते. भाऊंनी शिट्टी फुंकली. साहेब दचकले, पण सावरून म्हणाले, "आता चालतं. उजाडलं की दोष नाही."

भिंतीपलीकडे साठलेलं ते सगळं अर्थातच टेम्पोत भरावं लागलं. कदमभाऊ मला येऊन म्हणाले, "वहिनी, लक्ष्मी घरात राहिली, मिसळ खाणीत गेली. दोन्ही गाड्या राइट टाइम."

लताची फेरी पुन्हा सकाळची केली.

*

मग कुणीतरी सुचवलं, प्रत्येकाने घरातल्या घरात खत करावं. भोकं असलेल्या, झाकणाच्या छान बादल्या आणल्या आणि घरोघर वाटल्या. लोकांनी आनंदाने घेतल्या. फुकट म्हटल्यावर आमची कॉलनी पर्यावरणाच्या बाबतीत फार जागरूक असते.

श्रावणात शिर्केवहिनी रागारागाने माझ्या दारात आल्या. हातात बादली.

"कसल्या बादल्या आणल्यात हो तुम्ही? हॉलमध्ये गळतंय तिथे लावली, तर सगळं पाणी खालून फरशीवर. भोकं आहेत हिला."

*

मागच्या बंगल्यांचा ताप वेगळाच. रविवारी दुपारी पाहुण्यांच्या गाड्या निघतात आणि गेटवर काळ्या पिशव्या उतरतात. बिर्याणी, बाटल्या, फुगे, केकचा उरलेला अर्धा भाग, आणि त्याच्यावर वितळून पसरलेली मेणबत्ती. लताला सोमवारी ते सगळं हाताने उपसावं लागतं. जे वेगळं निघत नाही ते टेम्पोत.

एका रविवारी मी मुद्दाम गेटवर जाऊन उभी राहिले. एक मोठी गाडी थांबली, गॉगलवाले गृहस्थ उतरले, त्यांनी पिशवी भिंतीला टेकवून ठेवली. मी सौम्यपणे म्हटलं, खरंच सौम्यपणे, "एवढं वेगळं करून दिलं असतं तर बरं झालं असतं."

"मॅडम, आम्ही इथे रिलॅक्स व्हायला येतो. सेग्रिगेशन वगैरे आमच्याकडे घरी बाई करते."

गाडीतून त्यांच्या बायकोने मान बाहेर काढली. "इतकं सुंदर ठिकाण आहे तुमचं. तुम्ही लोक जरा स्वच्छ का ठेवत नाही?"

तुम्ही लोक! मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. आवाज मात्र तलावापर्यंत गेला असं दुसऱ्या दिवशी कळलं. मी बोलत होते आणि ते दोघं ऐकत होते, तेवढ्यात कदमभाऊंनी ती पिशवी उचलली, उघड्या डिकीत त्यांच्या बॅगांच्या मागे नीट बसवली, डिकी लावली आणि हात वर करून गाडीला इशारा दिला. गॉगलवाल्यांना माझ्या तावडीतून सुटल्याचाच इतका आनंद झाला होता की त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

रविवारी संध्याकाळी घाटात गाड्या कशा मुंगीच्या पावलाने चालतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यात एसी चालू आणि काचा बंद. सोमवारी बंगल्याच्या मालकाचा कदमभाऊंना फोन आला, त्यांचे पाहुणे भयंकर संतापले होते म्हणे.

भाऊ म्हणाले, "साहेब, पॅसेंजरचं विसरलेलं सामान पॅसेंजरला पोचवणं हे गार्डचं कर्तव्यच आहे."

कॉलनीत भाऊंचा जयजयकार झाला. पुढच्या रविवारपासून बंगल्यातले पाहुणे पिशव्या आमच्या गेटवर ठेवत नाहीत. ते गाडीची डिकी आधी बंद करतात, मग गाडी वळवून पिशवी तलावाच्या वाटेवर फेकतात. जयजयकार करणाऱ्यांपैकी कुणीही ती उचलायला गेलं नाही. लता गेली.

*

देवाचं प्रकरण सगळ्यात नाजूक. निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं, म्हणून लोक ते प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून इंद्रायणीच्या पुलावरून सोडायचे. गाडी थांबवून, नमस्कार करून. नदीचा गळा आवळायचा तोही हात जोडून.

मी शेडमध्ये एक वेगळं पिंप ठेवलं. बाहेरून शेंदरी रंग दिला, वर स्वस्तिक काढलं. फुलं, हार, दुर्वा, बेल एवढंच त्यात टाकायचं, त्याचं खत तुळशीला घालायचं. ही कल्पना मात्र सगळ्यांना पटली. इतकी पटली की पिंप रोज भरायला लागलं. मला आनंद झाला. पण लताला तो आनंद झालेला दिसेना.

"वैनी, जरा आत बगा."

आत गणपतीच्या चित्राच्या लग्नपत्रिका होत्या. लक्ष्मीच्या चित्राचे फटाक्यांचे पुडे होते. बालाजीचं जुनं कॅलेंडर, साईबाबांच्या नावाची उदबत्तीची खोकी, अन्नपूर्णेचं चित्र असलेली कणकेची प्लास्टिकची पिशवी, आत थोडी कणीक आणि किडे. तळाशी एक मिठाईचा पुडा होता, आंबलेल्या पेढ्यांसकट. तो पाटणकरबाईंनी आणलेला लताने पाहिला होता.

मी त्यांना विचारलं, "हे निर्माल्य आहे?"

"झाकणावर गणपती आहे ना. तो का मी मिसळीत टाकू?"

लता पिंपात वाकून एकेक देव वेगळा काढत होती. म्हणाली, "वैनी, ह्यांचा देव लय सोसनारा हाय. आमचा आसता तर कवाच उटून गेला आसता."

*

हा किस्सा मी चारचौघांत सांगत नाही, कारण ह्याच्यावर कुणी हसलं तर माझा तोल जाईल.

लता एका सकाळी हिरव्या डब्यातलं खरकटं खड्ड्यात ओतत होती. भाताच्या गोळ्यात फुटलेला ग्लास होता. वर भात असल्यामुळे दिसला नाही. तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरला. कदमभाऊंनी रिक्षा आणली, टाके पडले. डॉक्टर म्हणाले, हाताला पाणी लागू देऊ नका. भर पावसाळ्यात, लोणावळ्यात, घरोघर कचरा उचलणाऱ्या बाईला.

मी घरोघर गेले. ओरडायला नाही, फक्त विचारायला, की ग्लास कुणाच्या घरातला होता. ज्यांचा असेल त्यांनी लताला जाऊन एकदा भेटावं, इतकंच. मला प्रत्येकाने आत बोलावलं, बसवलं, हळहळ व्यक्त केली. मग म्हणाले, आमच्याकडे काचेचे ग्लास नाहीतच हो. पोरं फोडतात म्हणून आम्ही केव्हाच बंद केले. सगळं स्टील.

आणि प्रत्येक घरात मला पाणी दिलं ते काचेच्या ग्लासात.

मी प्यायले नाही, एवढं तरी माझ्या हातून झालं. परत शेडमध्ये आले तेव्हा लता पायरीवर बसली होती, बांधलेला हात मांडीवर ठेवून. म्हणाली, "नका इचारू वैनी. काच कुनाची बी आसंना. हात माजाच हाय न्हवं."

लता घरी बसली तेवढे दिवस कुणीच काही वेगळं केलं नाही. कॉलनी म्हणाली, बिचारी बरी होईपर्यंत चालेल. टेम्पो रोज आला. रोज भरून गेला. त्याच दिवसांत वर खाण तुडुंब भरली, आणि दत्ताने फोन करून एवढंच विचारलं, "आक्का, तिकडं कायतरी झालंय का गं? लय यायला लागलंय."

*

आणि हा मागच्या मार्गशीर्षातला.

भात झोडून, गिरणीत भरडून झाला की दत्ता नव्या तांदळाचं पोतं घेऊन माझ्याकडे येतो. आमच्या मावळातला इंद्रायणी. कुकरची वाफ सुटली की वास जिन्याने वरच्या मजल्यापर्यंत जातो. दत्ता आला हे कळलं की कॉलनीतल्या बायका डबे घेऊन माझ्या दारात हजर, आणि पोतं संध्याकाळपर्यंत रिकामं. त्याही वेळी आल्या. शिर्केवहिनी सगळ्यांच्या पुढे. पाटणकर साहेब तर स्वतः पिशवी घेऊन आले.

दत्ताने सुतळी सोडली. साहेबांनी मूठभर तांदूळ हातात घेतला, डोळे मिटून हुंगला. "वा. ह्याला म्हणतात तांदूळ."

मग सहज, काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "काय दत्ताभाऊ, ते तुमच्या खाणीचं काय झालं? थांबलं का?"

दत्ता सरळ माणूस. विचारलं की सांगतो.

"न्हाई ओ सायेब. औंदा तर लय आलं. लावनीला बाया खाचरात उतरल्या तर पायाखाली चिखुल कमी आन् पिशव्याच जास्ती. इहिरीवर तवंग धरतोय, उपसली तरी पुना धरतोय. कापलेल्या भाताच्या चुड्यांतनं बी निघत व्हतं, कायबाय."

"अरेरे," साहेब म्हणाले. मूठ अजून मिटलेली होती. "आणि हा तांदूळ?"

"त्याच खाचरांचा की. आमाला दुसरी कुटं हायती."

साहेबांनी मूठ पोत्यावर उघडली. दोन्ही हात झाडले. म्हणाले, "ह्या खेपेला डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितलाय मला." शिर्केवहिनींना एकदम आठवलं, की मागचाच तांदूळ डब्यात तळाला आहे, आधी तो संपवायला हवा. एकीने डबा लहान आणला होता, मोठा घेऊन येते म्हणून ती गेली. तिच्यामागे बाकीच्या गेल्या. कुणी भांडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. जाताना सगळ्यांनी दत्ताला पोराबाळांचं विचारलं.

दत्ताने पोत्याचं तोंड गोळा केलं आणि सुतळी बांधली. मी स्वयंपाकघरात निघून गेले, कारण दारात उभी राहिले असते तर हाताला येईल ते फेकून मारलं असतं. त्याच पोत्यातला तांदूळ घेतला, धुतला, कुकर लावला. आमटी केली. आमचे हे आणि दत्ता, दोघांची ताटं शेजारी शेजारी मांडली.

दत्ताला भात वाढला. मग ह्यांच्या ताटाकडे वळले. ह्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"मला आज पोळीच दे, शैला. पोट जरा जड आहे."

दत्ताने मान वर केली नाही. तो आमटी-भात कालवत होता.

"आक्का," तो म्हणाला, "दाजींचा बी मलाच वाड."